म्हसोबाचा कोंबडा घेऊन खुलताबादला

वेरूळची लेणी मी आयुष्यात दोनदा पाहिली. पहिल्यांदा बी.एड.ला असताना मैत्रिणींबरोबर आणि दुसऱ्यांदा गेल्या नाताळच्या सुटीत, एका कोंबड्याबरोबर. दुसरी खेप जास्त लक्षात राहिली. शिल्पांचं वर्णन हवं असेल त्यांनी ते दुसरीकडे वाचावं, हवं तेवढं मिळेल. मी सांगणार आहे ते कोंबड्याचं.

मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. घराण्यात चार पिढ्या भिक्षुकी, एक पिढी कारकुनी आणि मग मी. कोंबडीचा पहिला घास शाळेत असताना शेजारच्या घरी खाल्ला आणि त्या दिवसापासून मी तिच्याशी एकनिष्ठ आहे. त्यामुळे माझी बी.एड.ची मैत्रीण संगीता फोनवर म्हणाली, "अगं, आता आमची पोल्ट्री आहे, ये की एकदा," तेव्हा मी लेण्यांचं निमित्त केलं आणि तिकीट काढलं.

लासूर स्टेशन

छत्रपती संभाजीनगरला मिलिंद नावाचा गाडीवाला चारही दिवसांसाठी ठरवून ठेवला होता. हा आधी वाळूजला कंपनीत शिफ्ट करायचा, आता स्वतःची गाडी चालवतो. बोलका माणूस. लासूर स्टेशन ओलांडून आम्ही संगीताच्या वस्तीकडे वळलो, तशा त्याने न विचारता काचा वर घेतल्या.

"थंडी वाजतेय का?" मी विचारलं.

"थंडी कशाची मॅडम. वस्ती आली."

काच वर जायच्या आत वस्ती माझ्या नाकात शिरली होती. शाळेत मी अमोनियाची बाटली उघडते आणि मुलांना सांगते, लांबून हुंगा. इथे माणसं त्या बाटलीतच राहायला आली होती. डोळे पुसत मी उतरले. संगीताला वाटलं, मैत्रिणीला इतक्या वर्षांनी पाहून मला भरून आलं. मीही तो गैरसमज राहू दिला.

चहा आला तो बशी कपावर पालथी घालून. आमच्याकडे बशी कपाखाली असते. मी बशी काढली आणि दुसऱ्या क्षणी कपात दोन माश्या पोहायला लागल्या. मग कळलं की या वस्तीत सगळंच झाकून असतं. जेवण तर भर दुपारी मच्छरदाणीत. खाटेची नव्हे, चांगली ऐसपैस, चौघं मांडी घालून बसतील अशी, ओसरीच्या चार खांबांना बांधलेली. ताटं घेऊन आत सरकायचं, कड पायाखाली दाबायची आणि मग पहिला घास. कोकणात पाहुण्याला "अजून थोडं घ्या" म्हणतात, इथे म्हणतात, "पटकन आत या."

ताटात पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. झकास होतं. पण मी ज्यासाठी आले होते ते दिसेना.

"चिकन उद्या का?" मी लाज सोडून विचारलं.

"आम्ही नाही खात ते," संगीता म्हणाली.

"तुमच्याच शेडातलं?"

तिचे यजमान भाऊसाहेब समोर बसले होते. सावकाश बोलणारे, मोठ्या हाडाचे गृहस्थ. दोन घासांमध्ये ते श्वास गोळा करत. म्हणाले, "सव्वा महिन्यात दोन-अडीच किलोचा होतो तो जीव, ताई. तुम्ही सव्वा महिन्यात केवढ्या झाल्या व्हत्या?"

एवढ्यात मच्छरदाणीची कड उचलून एक कोंबडा आत आला. तांबडा, शेपूट काळंहिरवं, चाल जमीनदाराची. कुणी त्याला हाकललं नाही. संगीताच्या सासूबाईंनी, ज्यांना अख्खी वस्ती माय म्हणते, स्वतःच्या ताटातली भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेवली.

"हा खायचा का?" मी आशेने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ठेच्याकडे वळले.

तो देवाला सोडलेला होता. तीन वर्षांपूर्वी शेड घातलं आणि तेव्हापासून भाऊसाहेबांना दम लागायला लागला. शहरातले डॉक्टर म्हणाले, शेडापासून लांब राहा. भाऊसाहेबांनी डॉक्टरांनी दिलेला तोंडात मारायचा पंप खिशात घातला आणि शेडात गेले. शेवटी मायने शिवेवरच्या म्हसोबाला बोलून टाकलं, की मपल्या लेकाचा दम जाऊ दे, तुला कोंबडा देईन. आणि एक गावरान पिल्लू देवाच्या नावाने सोडलं. देवाला सोडलेला जीव विकायचा नाही, त्याला मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. दम गेला की मात्र त्याला म्हसोबापुढे कापायचं. दम काही जाईना. पिल्लाचा कोंबडा झाला, कोंबड्याचा पहिलवान झाला. भाऊसाहेबांच्या आजारपणावर दोघंजण पोसले जात होते, शहरातले डॉक्टर आणि हा. दोघांच्याही तब्येती उत्तम होत्या.

शेडात

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला शेड दाखवलं. दारात पांढऱ्या औषधी पाण्याची घमेली ठेवलेली. त्यात पाय बुडवून आत जायचं. थंडी म्हणून चारी बाजूंचे पडदे खाली सोडलेले आणि आतली हवा एवढी जाड की श्वास घेताना घशाला लागत होती.

आत सगळं पांढरं. एकालाही आई नाही. सगळी एकाच दिवशी यंत्रातून निघालेली, एकाच दिवशी गाडीत चढणारी. अंग कोंबडीचं झालं होतं, पण आवाज अजून पिल्लाचा. चिवचिव करत उठायची, दोन पावलं टाकायची आणि बसायची. पायांना ते वजन पेलत नव्हतं. रात्री दिवा चालू ठेवतात, म्हणजे झोपेत वेळ न घालवता खात राहतात. मी वर्गात कोंबडीचं चित्र काढते तेव्हा तिला माती उकरताना दाखवते. यांना उकरायला होता फक्त भुसा, आणि त्यात महिन्याभराची त्यांचीच घाण.

भाऊसाहेब तोंडाला गमछा बांधून मेलेली पिल्लं बादलीत टाकत होते. त्याला तिथे 'मर' म्हणतात. "आज मर कमी हाये," असं ते समाधानाने म्हणाले. शेडामागे खड्डा होता, खड्ड्याभोवती कुत्री होती आणि खड्ड्याच्या खालच्या अंगाला विहीर होती. विहिरीचं पाणी आता कुणी पीत नाही, पिण्याचा जार विकत येतो. साचलेली घाण बॅच निघाली की शेतात टाकतात. पीक जोमदार येतं आणि पिकाच्या आधी माश्या येतात.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं. विचारायला काय जातं, मी चार दिवसांची पाहुणी.

"वाईट कव्हा वाटून घेऊ? पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. मपलं काय? शेड, वास आन् मर."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. त्यांनी खांब धरला. पायाशी पिल्लं बसलेली, हे खांबाला टेकलेले, आणि कुणालाच चार पावलं टाकता येत नव्हती. मला त्या क्षणी रागच आला. कंपनीचा आला, भाऊसाहेबांचा आला, आणि महिन्यातून चार वेळा बाजारातून बिनधास्त चिकन आणणाऱ्या माझा तर आलाच.

बाहेर आलो तर संगीता फोन हातात घेऊन उभी. कंपनीचा सुपरवायझर उद्या येणार होता आणि बरोबर मोठे साहेब.

घरात धावपळ उडाली. कारण कंपनीची सक्त अट होती की शेडाच्या आवारात दुसरा कुठलाही पक्षी नको. गावरान कोंबडी रोग आणते म्हणे. सापडली तर पुढची पिल्लं बंद. आजवर साहेब येणार असले की देवाचा कोंबडा चुलत्यांच्या वस्तीवर मुक्कामाला जायचा. पण यंदा चुलत्यांनीही शेड घातलं होतं. त्यांच्या शेजाऱ्यांनीही. नजर जाईल तिथवर शेडंच. एक कोंबडा लपवायला पंचक्रोशीत जागा नव्हती.

मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"तुम्ही उद्या वेरूळला चालल्याच हायेत," भाऊसाहेब म्हणाले.

मायने अटी सांगितल्या. "पोत्यात घालायचं नाय. उलटं धरायचं नाय. जारचं पाणी पाजायचं, हिरीचं नाय. आन् शिवी द्यायची नाय, काय बी झालं तरी."

मी मिलिंदकडे पाहिलं. तो हसत होता. "आम्ही बौद्ध, मॅडम. नवस-बिवस आमच्यात बंद. पण पॅसेंजर तो पॅसेंजर."

वेरूळ आणि वर खुलताबाद

कोंबडा मागच्या सीटवर, बांबूच्या डालग्यात. प्रत्येक गतिरोधकाला आरवायचा. कसाबखेड्यापर्यंत मिलिंदला सवय झाली. वेरूळपर्यंत तो कोंबड्याला उत्तरं द्यायला लागला.

लेण्यांच्या फाटकावर मी सहज विचारून पाहिलं, डालगं आत नेता येईल का.

"प्राणी आत चालत नाय, मॅडम," पहारेकरी म्हणाला.

"हा पक्षी आहे."

"मॅडम शिक्षिका हायेत का?"

"हो."

"वाटलंच."

मग मिलिंद झाडाखाली कोंबडा घेऊन बसला आणि मी कैलास लेणं एखाद्या नातेवाइकाला दवाखान्यात भेटून येतात तसं घाईघाईने भेटून आले. परत येते तर गाडीभोवती ही गर्दी. शहरातल्या कुठल्याशा शाळेची सहल, दगडाचे हत्ती सोडून इथे जमलेली. एका मुलीने मिलिंदला विचारलं, "अंकल, इसको कलर कौनसा लगाया?" तिने कोंबडी पाहिली होती ती फक्त पांढरी, दुकानाच्या जाळीतली. मिलिंदने तिला तांबडा रंग देवाने लावला असं सांगितलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

घाट चढून खुलताबादला पोचलो. वेशीच्या आत, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलांची, खेळण्यांची, मिठाईची दुकानं. मिलिंदने हवा यावी म्हणून दार उघडलं, डालग्याचं झाकण कसं सरकलं ते देवालाच माहीत, आणि म्हसोबाचा कोंबडा भर रस्त्यात उतरला.

मी शाळेत धावण्याच्या शर्यती घेते, स्वतः धावत नाही. त्या दिवशी धावले. कोंबडा पुढे, मिलिंद मागे, मी त्याच्या मागे. आणि शिवी द्यायची बंदी! मिलिंदच्या तोंडात काय काय येऊन अडकत होतं ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. शेवटी तो ओरडला, "अहो महाराज, थांबा की जरा!" नवस न मानणारा माणूस कोंबड्याला अहोजाहो करतोय हे पाहून मला हसू फुटलं आणि धावणंच संपलं. कोंबडा पेरूच्या गाडीवर चढला. गाडीवाल्या बाईने आपली ओढणी त्याच्यावर टाकली, अलगद उचलला आणि माझ्या हातात दिला. मी तिच्याकडून पिशवीभर पेरू घेतले. तिखट-मीठ लावून ते आम्ही तिघांनी खाल्ले.

दुपारी एका छोट्या हॉटेलात बसलो. पांढऱ्या दाढीचे मालक, सगळे त्यांना चाचा म्हणत, डालग्यात डोकावले.

"बाजी, मुर्गा देते क्या?" बाजी म्हणजे ताई, म्हणजे मी.

"नक्को चाचा," मिलिंदने परस्पर सांगितलं. "मन्नत का है."

"हौ? फिर बातच नक्को." चाचांनी हात मागे घेतला आणि बशीत भात आणून डालग्यात ठेवला. "ऐसा मुर्गा अब किधर दिखता जी. अब तो सब सफेद आता, गाडी भर के."

मी चिकन मागवलं. खोटं कशाला बोलू, भूक लागली होती आणि रस्सा फक्कड होता. शेजारच्या खुर्चीवर डालगं, डालग्यातून एक डोळा माझ्या ताटावर. पहिली तंगडी तोंडात घातली तर हाडापासून आपोआप सुटली, चावावंच लागलं नाही. एरवी मी याला 'काय मऊ शिजलंय' म्हटलं असतं. काल मी ते पाय पाहिले होते. ज्या पायांनी कधी चालणंच केलं नाही ते चावायला काय लागणार? दुसरी तंगडी मी कडेला सारली.

"मॅडम, खाणार नसाल तर..." मिलिंद म्हणाला आणि त्याने खाल्ली.

हात धुताना संगीताचा फोन आला. "ये आता," ती म्हणाली. बाकी काही नाही.

पुन्हा वस्तीवर

आम्ही वळलो आणि समोर कंपनीची पांढरी गाडी उभी. मी म्हटलं, "मिलिंद, मागे घे, मागे घे!" त्याने गाडी मागे घ्यायच्या आत संगीता ओसरीवरून उतरून सरळ आमच्याकडे आली. मागचं दार उघडलं, डालग्यातून कोंबडा काढला आणि अंगणाच्या मधोमध सोडला. त्याने अंग झाडलं, मान ताणली आणि साहेबांकडे तोंड करून आरवला.

मोठे साहेब फोनवर बोलत गाडीत बसत होते. सुपरवायझर पंचविशीतला पोरगा, भला वाटला. तो हळूच म्हणाला, "काकू, मी पाह्यलं नाय समजा. आत घ्या त्याला पटकन."

"पाह्यलाय तुम्ही," संगीता मोठ्याने म्हणाली. "साहेब! हे बघा, आमच्या आवारात कोंबडा आहे."

साहेबांनी फोन खाली घेतला. "कुणाचा आहे?"

"देवाचा."

"करारात देव नाही, बाई."

"माहीत आहे. म्हणूनच दाखवतेय."

भाऊसाहेब शेडाच्या दारातून आले. त्या दिवशी ते पहाटेपासून आत होते, साहेबांसाठी भुसा हलवत, चुना मारत. चेहरा काळानिळा पडला होता. खोकल्याशिवाय एक शब्द बाहेर येत नव्हता. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं, आणि ही बॅच निघाली की पुढची पिल्लं मिळणार नाहीत असं सांगून गाडी वळवली.

"तू मुद्दाम केलं," भाऊसाहेब म्हणाले.

"हो, मुद्दाम केलं. सकाळपासून तुमचा आवाज ऐकतेय त्या पडद्यामागून. दोनदा बंद पडला तो. दोन्ही वेळा मी दारापर्यंत धावत आले. तिसऱ्यांदा येऊन काय बघायचं होतं मी?"

"पोट कशावर भरायचं?"

"भरू कशावर तरी. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते. छाती देते का दुसरी?"

माय उंबऱ्यावर बसून होती. "मपल्या देवाला चोरावाणी धरून दिलंस गं," एवढंच म्हणाली आणि सुनेकडे पाठ केली. मी, विज्ञानाची शिक्षिका, अंगणात रिकामं डालगं धरून उभी. आपल्याला न सांगता आपला वापर केला म्हणून चिडावं की संगीताला मिठी मारावी हे मला ठरवता येईना. मग मिठीच मारली.

त्या संध्याकाळी मच्छरदाणीत आम्ही दोघीच जेवलो. भाऊसाहेब आणि माय बाहेर, माश्यांत.

रत्नागिरी

मी परतले आणि शाळा सुरू झाली. परतल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, चिकन कसं होतं तिकडचं? मी म्हणते, मऊ. चिकन मी सोडलं आहे का? नाही. कमी झालं आहे, आणि जे आणते ते शेजारच्या काकूंकडचं, गावठी. ते शिजता शिजत नाही, गॅस संपतो आणि घरचे माझ्या नावाने बोटं मोडतात.

संगीताचे फोन येत राहिले. शेवटची बॅच गेली. कंपनीची पुढची पिल्लं चुलत्यांनी बांधलेल्या दुसऱ्या शेडात उतरली. कंपनीचं एकही पिल्लू कमी झालं नाही आणि माश्याही गेल्या नाहीत. आपल्या शेडाचे पडदे मात्र संगीताने काढून जाळले. भाऊसाहेब पंधरवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, मग एके दिवशी खाली भुशाऐवजी बांबूचे थर लावायला लागले आणि लासूरच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांचा कांदा साठवणुकीला घेतला. वासाचं काय विचारलं तर म्हणाले, कांदा आहे, त्याला स्वतःचा वास आहे, दुसऱ्याचा चिकटत नाय.

परवा संगीता म्हणाली, "अगं, काल शिवेपर्यंत चालत गेले हे. वाटेत एकदासुद्धा थांबले नाहीत. पंप घरीच राहिला होता, लक्षातही आलं नाही त्यांच्या."

मला आनंद झाला, पण क्षणभरच. दम गेला म्हणजे नवस पुरा. "मग कोंबडा?" मी विचारलं. "म्हसोबाला कधी..."

"माय म्हणते, अजून पुरता गेला नाय दम."

"पण गेलाय ना?"

"गेलाय गं. डॉक्टरही म्हणाले. पण मायला कोण सांगणार?" संगीता हसायला लागली. "त्या शिवेवरच म्हसोबा आहे. काल माय यांच्याबरोबर होती. देऊळ जवळ आलं तशी तिनं लेकाचा दंड धरला आणि हळूच म्हणाली, खोक."

"आणि?"

"खोकले की. चांगले छातीवर हात ठेवून, वाकून. देवाला ऐकू जाईल असे."